बारा मोटांचे पाणी

साताऱ्याहून पुण्याच्या वाटेला लागून चार-पाच कोस आल्यावर हमरस्ता सोडून लिंब गावाकडे वळले असता, शेतांच्या आणि झाडीच्या मधोमध असलेली ती प्रख्यात विहीर अगदी जवळ जाईपर्यंत डोळ्यांना दिसत नाही. देवळाचे शिखर मैलावरून हात जोडायला लावते, गडाचा बुरूज दरी ओलांडण्यापूर्वीच आपला दरारा बसवतो. पण विहिरीचे सारे वैभव जमिनीच्या पोटात असते, आणि ते पाहायचे तर माणसाला मान खाली घालावी लागते. लिंबची बारामोटेची विहीर ही अशी खाली उतरत गेलेली वास्तू आहे. महाराष्ट्रातील स्थापत्याचा विचार करताना आपण गडकोट, वाडे आणि मंदिरे यांच्यापाशीच बहुधा थांबतो. परंतु राज्यकर्त्याचे ऐश्वर्य आणि कुणब्याचे कष्ट एकाच भिंतीला टेकून उभे असल्याचे जे दर्शन येथे घडते, तसे अन्यत्र क्वचितच घडत असेल.

साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या अंतःपुरात ज्यांचा मोठा मान होता, त्या वीरूबाईंनी ही विहीर बांधविली. शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ. स. १७१९ ते १७२४ हा बांधकामाचा काळ शिलालेखाने सांगितलेला आहे. या आरंभवर्षाकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. औरंगजेबाच्या दक्षिणेतील स्वारीने पाव शतकाहून अधिक काळ हा मुलूख तुडविला होता. स्वतः शाहू महाराज रायगड पडल्यापासून १७०७ पर्यंत मोगलांच्या कैदेत होते. १७१९ साली पेशवे बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून स्वराज्याच्या, चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले, त्यांच्यासमवेत महाराजांच्या मातोश्री येसूबाईही सुटून आल्या, आणि त्याच सुमारास कृष्णाकाठच्या या गावी काळ्या पाषाणाला सुरुंग-पहारी लागल्या. सनदांनी मुलुखाचा हक्क मिळतो. तो मुलूख पिकता व्हायचा तर पाणीच लागते. येथे तीन हजार तीनशे आंब्यांची आमराई या विहिरीच्या पाण्यावर वाढली, असे परंपरा सांगते.

या स्थळास शेरी लिंब असेही म्हणतात. सरकारने आपल्या खास वहिवाटीस राखलेली जमीन ती शेरी; आणि जुन्या दफ्तरांत जमिनीची प्रत लावताना पाण्याचाच हिशेब आधी होई. पावसाच्या भरवशावरची ती जिराईत आणि पाण्याखालची ती बागाईत. बागाइतातही कालव्या-ओढ्याच्या पाण्याने भिजणारी ती पाटस्थळ आणि विहिरीच्या पाण्याने भिजणारी ती मोटस्थळ. बैलांनी मोटेने उपसलेल्या पाण्याचे मोल सरकारदरबारी एका स्वतंत्र शब्दाने नोंदले गेले होते, यावरून मोटेचे स्थान किती मोठे होते ते कळून येते.

विहीर एवढी रुंद का, याचे उत्तर आपल्या भूमीच्या घडणीत आहे. दख्खनचा हा काळा पाषाण कोट्यवधी वर्षांपूर्वी थरांवर थर ओतल्या गेलेल्या लाव्हारसाचा. त्याच्या पोटात वाळूतल्यासारखे सर्वत्र पाणी खेळत नाही. भेगांतून, मुरमातून, दोन थरांच्या सांध्यांतून ते झिरपत येते. अशा ठिकाणी विहीर ही नुसती पाण्यापर्यंत नेणारी वाट असून भागत नाही, रात्रभर पाझरलेले पाणी दिवसाच्या उपशासाठी साठवून ठेवणारे ते कोठारही असावे लागते. लिंबची मुख्य विहीर अष्टकोनी असून तिचा व्यास सुमारे ५० फूट आणि खोली सुमारे ११० फूट सांगतात. अष्टकोनाने दोन कामे साधली: चहूकडून रेटणाऱ्या मातीचा दाब आठही भिंतींत वाटला गेला, आणि काठावर अनेक मोटांना समोरासमोर जागा मिळाली.

मोठ्या विहिरीला लागून पायऱ्यांची वाट आहे, आणि त्या दोहोंच्या मध्ये, पाण्यावर पूल टाकावा तसा, एक दगडी महाल बांधलेला आहे. पायऱ्या उतरू लागले, की उन्हाची धग मागे राहते आणि दगडाचा ओलसर गारवा अंगाला भिडतो. कमानीवर शरभ हा काल्पनिक पशू कोरलेला आहे. खांबांवर हत्ती, घोडे, फुले, मारुती अशी शिल्पे आहेत. भिंतींत दडलेल्या जिन्यांनी वर गेले, की महालाच्या माथ्यावर येता येते. येथे बसून महाराज मसलती करीत, असे गावकरी सांगतात. गुजरातेतील पाटणच्या राणी की वाव हिचा शिल्पसंभार याहून कितीतरी विपुल आहे, पण लिंबला माणूस खाली उतरे आणि पाणीही शेतासाठी वर चढे.

ते चढविणारी मोट आज पाहावयास मिळणे कठीण. कमावलेल्या कातड्याची ती पिशवी, खाली हत्तीसारखी लांब सोंड. तिला दोन दोर: जाड नाडा वरच्या चाकावरून जाई, बारीक सोंदूर काठालगतच्या लाकडी रुळावरून, आणि दोन्ही बैलांच्या जुवाला बांधलेले असत. बैल उताराच्या धावेवरून खाली चालू लागले, की मोटकरी नाड्यावर बसून आपला भार त्यांच्या भारात मिळवी. सोंदूर नेमक्या मापाचा आखूड असल्याने सोंड वर दुमडलेली राही, आणि मोट काठाशी येताच तोच सोंडेला थारोळ्यात, म्हणजे पाणी घेणाऱ्या कुंडीत, ओढून घेई. पाणी धो धो ओतले जाई, बैल उलट पावली धाव चढत, आणि रिकामी मोट पुन्हा पाण्यात बुडे. चांभाराने शिवलेले कातडे, सुताराने घडविलेले चाक, दोर वळणाऱ्याचे हात आणि मोटकऱ्याचा खडा सूर, एवढे सारे एका मोटेमागे असे. येथे तर अशा बारा मोटा एका वेळी चालत. महालात बसणाऱ्याच्या कानांवर त्या बारा चाकांची करकर पडल्यावाचून राहिली नसेल, आणि राज्य कशावर उभे आहे याची ती अखंड आठवणच होती.

पुढे तेलाची इंजिने आली, मग विजेचे पंप आले, आणि मोटेबरोबर तिचे शब्दही शेतांतून उठून गेले. बैलांच्या मानेवरचा भार हलका झाला, हे चांगलेच झाले. पण लिंबला जाणाऱ्याने शरभ आणि महाल पाहून लगेच परतू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पाणी जितके खोल, जवळजवळ तितकीच धाव लांब असावी लागे. म्हणून काठाशी उभे राहून तळाचे पाणी डोळ्यांनी मोजावे, आणि मग विहिरीकडे पाठ करून तितके अंतर सावकाश चालून जावे. बैल तेवढी वाट दिवसातून शेकडो वेळा चालत, निम्मी तर उलट पावली. ती चालून पाहिल्यावर त्या खोलीचा अर्थ पायांना कळतो, आणि जी आमराई आज उभी नाही, तिच्या सावलीची किंमतही.