शोकांतिका : अथेन्सची, भवभूतीची आणि गोसीखुर्दची

वृत्तपत्रात अपघाताची बातमी आली की तिच्या मथळ्यात ‘शोकांतिका’ हा शब्द हमखास असतो. पूर आला, शोकांतिका. बस दरीत कोसळली, शोकांतिका. गोसीखुर्दच्या धरणाविषयी लिहितानाही हाच शब्द अनेकांच्या लेखणीतून उतरतो. वैनगंगेच्या त्या विस्तीर्ण जलाशयाच्या काठी आम्ही अनेकदा उभे राहिलो आहोत. पुनर्वसित गावांतील वडीलधारी माणसे पाण्याकडे बोट दाखवून आपले शेत कुठे होते, देऊळ कुठे होते, विहीर कुठे होती, हे सांगतात. त्यांचे दुःख खरे आहे. मात्र त्या दुःखाला शोकांतिका म्हणताना आपण नेमके काय म्हणतो, हे समजून घ्यायचे तर या नाट्यप्रकाराच्या जन्मस्थानापर्यंत मागे जावे लागेल.

ते जन्मस्थान म्हणजे ग्रीसमधील अथेन्स नगरी. तेथे दरवर्षी वसंत ऋतूत डायोनिसस या देवाचा उत्सव भरे आणि टेकडीच्या उतारावर बसून सारे नगर नाटके पाही. इ. स. पूर्व सहाव्या शतकात थेस्पिस नावाच्या नटाने समूहगायकांपासून वेगळे होऊन संवाद म्हटला, आणि तेथून नाटक सुरू झाले, अशी परंपरा आहे. पुढे फ्रिनिकस या नाटककाराने मिलेटस नगरीच्या पाडावावर नाटक रचले. मिलेटस हे अथेन्सच्या आप्तांचे नगर होते. प्रेक्षक ढसढसा रडले आणि आपल्याच जखमेवरची खपली काढल्याबद्दल त्यांनी नाटककाराला एक हजार द्राख्माचा दंड केला, असे इतिहासकार हिरोडोटस सांगतो. स्वतःचे दुःख उघड्यावर पाहणे माणसाला किती जड जाते, याचा हा जुना दाखला आहे.

त्यानंतर इ. स. पूर्व ४७२ मध्ये एस्किलसने ‘पर्शियन्स’ हे नाटक सादर केले. आज उपलब्ध असलेल्या ग्रीक शोकांतिकांमध्ये ते सर्वांत जुने मानले जाते. एस्किलस स्वतः पर्शियनांशी मॅरेथॉनच्या रणांगणावर लढलेला. तरीही त्याने रंगमंचावर मांडला तो शत्रूच्या घरातला आकांत. विजयी अथेन्सकरांना त्याने पराभूतांचे रडणे ऐकायला लावले. परक्याच्या शोकात आपली माणुसकी ओळखणे, हे शोकांतिकेचे पहिले कार्य होय.

दुसरे कार्य सोफोक्लीजच्या ‘अँटिगनी’मध्ये दिसते. नगरावर चाल करून आलेल्या राजपुत्राच्या प्रेताला कोणी मूठमाती देऊ नये, अशी राजा क्रेऑन आज्ञा करतो. बहीण अँटिगनी ती आज्ञा मोडून भावाला माती देते. राजाला नगर राखायचे आहे, बहिणीला रक्ताचे नाते. जर्मन तत्त्वज्ञ हेगेल याने या नाटकाचे मर्म नेमके हेरले : येथे झगडा सत्याचा असत्याशी नसून एका न्याय्य बाजूचा दुसऱ्या न्याय्य बाजूशी आहे, आणि प्रत्येकाला केवळ आपलीच बाजू दिसते, हा प्रत्येकाचा दोष आहे. ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’त चांगल्या शोकांतिकेसाठी नायकाच्या हातून घडलेली चूक आणि मागाहून त्याला होणारी ओळख या दोन गोष्टी महत्त्वाच्या मानल्या. म्हणजे दरड कोसळून माणसे मेली तर ती आपत्ती; माणसाच्या निर्णयातून अनर्थ ओढवला आणि निर्णय घेणाऱ्याला तो उमगला, तर ती शोकांतिका.

आपल्या संस्कृत नाटकांत अंत सहसा सुखाचाच असतो. भासाच्या ‘ऊरुभंगा’त दुर्योधन रंगमंचावरच प्राण सोडतो, पण तो अपवाद. या परंपरेत करुण रसाला सर्वांत वरचे स्थान देणारा कवी मात्र आपल्याच मातीतला आहे. आठव्या शतकातील भवभूतीने आपले मूळ गाव विदर्भातील पद्मपूर असल्याचे लिहून ठेवले आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या मते ते आमगावजवळचे पद्मपूर होय. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत तो भाग भंडारा जिल्ह्यातच होता.

भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’त राम एकाच वेळी राजा आहे आणि पतीही. लोकापवाद ऐकून तो गर्भवती सीतेचा त्याग करतो. प्रजेचा शब्द राखावा तर पत्नीवर अन्याय, पत्नीला राखावे तर राजधर्माला बाध! सातव्या अंकात वाल्मीकींचे नाटक गंगेच्या काठी सादर होते आणि राम प्रेक्षकांत बसून स्वतःचीच कृती पाहतो. त्यागानंतर सीतेवर काय ओढवले, हे समोर घडताना पाहून तो मूर्च्छित होतो. ज्यांच्या कुजबुजीमुळे सीता वनात गेली, ते प्रजाजनही तेथेच बसलेले असतात. अरुंधती त्यांनाही जाब विचारते. पुनर्मीलन होते ते यानंतर. भवभूतीने शेवट गोड केला खरा, पण सर्वांना आधी पाहायला लावून.

नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली, ती आपण जाणतोच. गोष्टीतल्या श्रीमंतावर राजा संतापला आणि मग तो श्रीमंत आपणच, हे त्याला कळले. चर्चने प्रारंभी रंगभूमीकडे संशयाने पाहिले. तेर्तुलियनने तर नाट्यप्रयोगांविरुद्ध ग्रंथच लिहिला. तरीही दहाव्या शतकात युरोपातील मठांमध्ये, पुनरुत्थानाच्या पहाटे, कबरीपाशी आलेल्या स्त्रिया आणि देवदूत यांचा संवाद मठवासी म्हणू लागले आणि उपासनेतून नाटकाला पुन्हा अंकुर फुटला. आपल्या श्रद्धेत दुःखाला शेवटचा शब्द नाही. मात्र रविवारची घाई करून शुक्रवार टाळताही येत नाही.

मराठीत शेक्सपिअरच्या शोकांतिका आल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. आगरकरांनी ‘हॅम्लेट’ ‘विकारविलसित’ या नावाने आणले, तर देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला. स्वतंत्र मराठी शोकांतिकांमध्ये अग्रस्थान मिळाले ते राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ला. गडकऱ्यांनी १९१९ च्या जानेवारीत नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे देह ठेवला. नाटक रंगभूमीवर आले ते त्यांच्या पश्चात. त्यातील सुधाकर दुष्ट नाही. बुद्धिमान आणि मानी असा हा वकील अपमान विसरण्यासाठी एकच प्याला घेतो. सिंधूचे सोसणे पाहून प्रेक्षक डोळे पुसतात. परंतु नाटक विचारते ते त्यांच्यातल्या सुधाकरांना. १९७० मध्ये आलेल्या शिरवाडकरांच्या ‘नटसम्राटा’तील अप्पा बेलवलकरही आपले सर्वस्व आपल्याच हाताने वाटून टाकतात. आपल्या किती घरांत ही दोन्ही नाटके तिकिटावाचून चालू आहेत!

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या झाडीच्या मुलुखात तर नाटक हा गावाचा सण आहे. धान घरात आले, दिवाळी सरली की मंडई भरते. मुली-जावई, पाहुणे-रावळे जमतात आणि नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत रंगते. दंडार आणि खडी गंमत यांच्या अंगणात वाढलेल्या या झाडीपट्टी रंगभूमीचे आजचे केंद्र म्हणजे वडसा. तिचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा साऱ्या झाडीला आनंद झाला. हंगामानंतर सारे गाव एकत्र बसून हसते आणि रडते, हे अथेन्सच्या टेकडीवरच्या दृश्याहून फार वेगळे नाही.

आता पुन्हा गोसीखुर्दकडे वळू. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते प्रकल्पाची पायाभरणी झाली. सुमारे ३७२ कोटी रुपयांचा मूळ अंदाज पुढे हजारो कोटींवर गेला. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला. अडीच लाख हेक्टरांना पाणी देण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील पावसावर विसंबलेल्या धान उत्पादकाची पाण्याची मागणी न्याय्य आहे. ज्याचे घर, शेत आणि पूर्वजांची माती जलाशयाखाली गेली, त्याची मागणीही न्याय्यच. एका न्याय्य बाजूसमोर दुसरी न्याय्य बाजू उभी आहे. म्हणून येथे ‘शोकांतिका’ हा शब्द शोभतो. नुसते खूप दुःख झाले म्हणून नव्हे.

परंतु शोकांतिकेला ओळखीचा क्षण लागतो. तो आला नाही तर उरते ती केवळ हानी. रडणाऱ्याचे अश्रू नाटकात दाखवणे सोपे आहे. धरणाचा निर्णय घेणारा आणि कालव्याच्या पाण्यावर पिकलेला भात खाणारा, दोघेही प्रेक्षकांत बसले आहेत, हे दाखवणे अवघड. आमच्या धर्मग्रामांतील ज्या तरुणांच्या हाती लेखणी आहे, त्यांनी हे अवघड काम अंगावर घ्यावे. शेवट भवभूतीसारखा मीलनाचा केला तरी आमची हरकत नाही. मात्र त्याआधी त्यांनी आम्हा सर्वांना गंगेच्या काठी बसवले, तसे वैनगंगेच्या काठी बसवावे आणि पाण्याखाली काय आहे, ते पाहायला लावावे.