नमदा, टोपी आणि पारा

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहरात काळ्या, बिनकाठाच्या टोप्या घातलेले जवान दिसतात. ही ‘बेरे’ टोपी म्हणजे रणगाडा दलाची खूण. या दलाचे प्रशिक्षण केंद्र १९४८ पासून या शहरात आहे. १९९४ साली येथे रणगाड्यांचे संग्रहालयही सुरू झाले. शाळेची सहल तेथे गेली की मुले पोलाद पाहतात. टोपीच्या लोकरीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आज आपण तिच्याकडेच पाहू या.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटिश रणगाडा दलाच्या अधिकाऱ्यांनी फ्रेंच डोंगरी सैनिकांच्या डोक्यावर बेरे पाहिली. १९२४ साली त्यांनी काळी बेरे स्वीकारली. कारणे व्यवहाराची होती. रणगाड्यातल्या अडचणीच्या जागेत काठाची टोपी आड येते आणि काळ्या रंगावर तेलाचे डाग उठून दिसत नाहीत. १९३८ पासून भारतीय घोडदळही घोडे सोडून यंत्रवाहनांकडे वळू लागले आणि पुढे काळी बेरे आपल्याकडेही रुळली.

बेरे आधी लोकरीच्या धाग्याने सैल विणतात. मग ती साबणाच्या गरम पाण्यात चोळून, कुटून आटवतात. तंतू एकमेकांत असे गुंततात की वीण दिसेनाशी होते. अस्सल नमद्यात, म्हणजे फेल्टमध्ये, तर धागाही नसतो. सुटे तंतूच दाबून त्याचे कापड होते.

हे कसे घडते? वर्गात एक प्रयोग करता येईल. डोक्याचा एक लांब केस अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरा आणि बोटे केसाच्या लांबीच्या दिशेने पुढे-मागे घासा. केस सरकतो, पण नेहमी मुळाच्या बाजूनेच. केसावर कौलांसारखे खवले असतात आणि त्यांच्या कडा टोकाकडे वळलेल्या असतात, म्हणून तो उलट सरकत नाही. लोकरीचेही तसेच. उष्णता, ओल आणि घर्षण मिळाले की प्रत्येक तंतू एकाच दिशेने पुढे घुसतो आणि गुंता घट्ट होत जातो. गरम पाण्यात चोळून धुतलेला स्वेटर आटतो, तोही याच कारणाने.

आता निवडीचा प्रश्न. आपल्या धनगराला टोपीचा आकार टिकवायचा नसतो. पाऊस आला की तो घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतो. जाड, राठ लोकर त्या कामाला उत्तम. बेरेलाही लोकर पुरते, कारण ती मऊच हवी. परंतु रुंद काठाची साहेबी हॅट लोकरीची केली, तर भिजल्यावर तिचा आकार बिघडतो. म्हणून समारंभाच्या भारी हॅटसाठी बीव्हर किंवा सशाची बारीक लव वापरत. तिचा नमदा पातळ, हलका आणि तरीही दाट होतो, आणि पावसातही आकार धरून राहतो.

अडचण एकच होती. सशाच्या लवेचे खवले चपटे असल्याने ती सहज गुंतत नाही. कारागिरांनी उपाय शोधला: कातड्यावरच्या लवेला मर्क्युरिक नायट्रेटचे द्रावण लावायचे. त्याने तंतू खरखरीत होत आणि चटकन गुंतत. पण पुढे गरम वाफेत काम करताना पाऱ्याची वाफ कारागिरांच्या फुप्फुसांत जाई. हात थरथरत, हिरड्या सुजत, स्वभाव भित्रा आणि चिडचिडा होई. अमेरिकेतील डॅनबरी या हॅटच्या गावात या थरथरीला गावाच्याच नावाने ओळखत.

न्यू जर्सीतील एका डॉक्टरांनी हॅट कारागिरांच्या या आजाराचे वर्णन १८६० साली छापले. अमेरिकेत पाऱ्याचा हा वापर थांबला तो १ डिसेंबर १९४१ रोजी, म्हणजे ८१ वर्षांनी. त्या वेळी स्फोटकांच्या कळीसाठी लष्करालाही पारा हवा होता. हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे पर्याय होते, आणि त्यांवर हॅट बनतच राहिल्या.

कोणत्या प्रसंगी कोणती टोपी, हे ठरवताना आपण रूप, ऊब आणि किंमत पाहतो. ती बनवणाऱ्याच्या हाताचे काय झाले, हाही त्या किमतीचाच भाग आहे. वर्गात केसाचा प्रयोग झाल्यावर मुलांना एवढे जरूर विचारावे, असे आम्हांला वाटते: आजार ठाऊक असूनही ८१ वर्षे का लागली?