पाचवीला पुजलेलं

'दारिद्र्य तर आमच्या पाचवीलाच पुजलेलं' असं आपण सहज बोलून जातो. पण ही पाचवी कुठली, असं विचारलं तर आजची शहरातली पोरं एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. पाचवी म्हणजे बाळाच्या जन्मानंतरची पाचवी रात्र. बाळंतिणीच्या खोलीत पाटा-वरवंटा मांडायचा, सटवाईची पूजा करायची, शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. दिवा विझू द्यायचा नाही, बाळाला क्षणभरही एकटं सोडायचं नाही. घरातल्या बायका ती रात्र जागून काढत.

माझा जन्म मुळशीच्या खोऱ्यातल्या एका मुसलमान घरातला. आमच्याकडे बाळाच्या कानात अजान देतात, सहाव्या दिवशी छठी, सातव्या दिवशी अकीका. बकरा कापायचा, बाळाचं जावळ उतरवायचं, त्या केसांच्या भारोभार चांदी दान करायची. चाळीस दिवस बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही. यात सटवाई कुठंच बसत नाही. तरी पाचव्या रात्रीचं जागरण आमच्याही घरात होतंच. माझी दादी बाळंतिणीच्या उशाशी विळा ठेवायची. कुणी हटकलं तर म्हणायची, "सटवाई त्यांची असली तरी तिची वाट आपल्या दारावरूनच जाते ना!"

मंडळी, माणसं उगाच भीत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या सगळ्या जातिधर्मांच्या बायका नेमकी हीच रात्र का जागून काढत होत्या, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. 1885 साली निघालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये जन्मविधींची जातवार वर्णनं आहेत. ती वाचताना जाणवतं, की तपशील बदलतो, पण पाचवी-सहावी सुटत नाही.

आता घरातली गोष्ट सांगतो. माझ्या आधी अम्माला एक मुलगा झाला होता. साल 1966, महिना श्रावणाचा. आमच्याकडचा श्रावण म्हणजे आठ-आठ दिवस सूर्य नाही. ओढे भरले की वाड्या एकमेकींपासून तुटतात. मुळशीचं धरण झाल्यापासून जुन्या वाटा पाण्याखाली गेलेल्या. सेनापती बापटांच्या सत्याग्रहाला 1921 साली सुरुवात झाली, तो याच धरणाविरुद्ध. या पाण्यावर वीज होते आणि ती मुंबईला जाते. अम्माच्या बाळंतपणात मात्र खोलीत चिमणी होती, रॉकेलची.

सुईण शेजारच्या वाडीची. आम्ही तिला सुईणआजी म्हणायचो. जात वेगळी, धर्म वेगळा, पण आमच्या घरातली सगळी माणसं तिच्याच हातावर या जगात आलेली. तिनं बाळंतपण सुखरूप केलं. भातकापणीच्या विळ्यानं नाळ कापली, वर चुलीतली राख दाबली. बाळ चार दिवस छान प्यायलं. पाचव्या रात्री त्यानं स्तन धरायचं सोडलं. जबडा उघडेना. सहाव्या दिवशी जरा हात लागला की अंग ताठ व्हायचं, पाठीची कमान व्हायची. सातव्या दिवशी सकाळी ते गेलं. अकीक्याचा बकरा अंगणात बांधलेला होता. तो ज्याचा होता त्याला संध्याकाळी परत केला.

लोक म्हणाले, सटवाईनं लिहिलंच तेवढं होतं. दादीचं म्हणणं, पोटुशी असताना अम्मा तिन्हीसांजेला चिंचेखालून आली होती. दादी काही दुष्ट नव्हती. दुःखाला कारण लागतं, आणि हाताशी सूनच असते.

मी बी.ए.ला पुण्यात असताना माझा एक मित्र डॉक्टरकी शिकत होता. त्याच्या खोलीवर एका पुस्तकात मी एक चित्र पाहिलं. धनुष्यासारखं वाकलेलं तान्हं बाळ. वर्णन वाचत गेलो आणि माझे हात गार पडले. धनुर्वात. त्याचे जंतू मातीत असतात, गुराढोरांच्या शेणात असतात. न उकळलेल्या विळ्यानं नाळ कापली, तिच्यावर राख, माती किंवा शेण लावलं, की ते आत शिरतात. लक्षणं दिसायला चार दिवस लागतात, कधी आठ, कधी त्याहून जास्त. आमच्या मावळी घरांत गोठा घरातच, आणि बाळंतिणीची खोली बहुधा त्याला लागून. सटवाईची वेळ आणि धनुर्वाताची वेळ एकच होती. बायकांनी रोग बरोबर हेरला होता, त्याचा दिवससुद्धा. फक्त तो कुठून येतो हे त्यांना दिसलं नव्हतं. आणि अनेक समाजांत पाचवीच्या पुजेत नाळ कापलेलं हत्यारही मांडायची रीत होती! तिथं क्षणभर थांबावंसं वाटतं.

हे अडाणीपण एकट्या आपलंच, असं कुणी समजू नये. स्कॉटलंडच्या पश्चिमेला अटलांटिक समुद्रात सेंट किल्डा नावाचं बेट आहे. तिथली माणसं कट्टर ख्रिस्ती होती. एकोणिसाव्या शतकात तिथं जन्मलेल्या बाळांपैकी निम्म्याहून अधिक बाळं आठवड्या-दीड आठवड्यात दगावत. त्या दुखण्याचं नावच 'आठ दिवसांचा आजार'. लोक ती देवाची इच्छा मानत. शेवटी 1890 च्या सुमाराला तिथल्या फिडिस नावाच्या पाद्र्यानं ग्लासगोला जाऊन जंतुनाशकं वापरून बाळंतपण कसं करायचं ते शिकून घेतलं, आणि बाळं जगू लागली. जपानी शास्त्रज्ञ किटासाटोनं धनुर्वाताचे जंतू प्रयोगशाळेत वेगळे करून वाढवले, ते 1889 साली. म्हणजे सगळं त्याच काळातलं.

आणि त्याच काळात आपल्याकडे आनंदीबाई जोशी होत्या. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला, तो दहा दिवसांचा होऊन गेला. त्या अमेरिकेला जाऊन 1886 साली डॉक्टर झाल्या. प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. पुढच्याच वर्षी त्या पुण्यात वारल्या, वय बावीससुद्धा पुरं नव्हतं. त्यांना दवाखाना चालवायला मिळाला असता तर, हा विचार मनातून जात नाही.

सुईणआजीला मात्र खलनायिका करू नका. तिच्याजवळ पुष्कळ शहाणपण होतं. आडवं आलेलं मूल ती पोटावरून हात फिरवून ओळखायची. बाळंतिणीला तेल लावणं, शेक-शेगडी, ओवा-बाळंतशेपाची धुरी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, हे सगळं तिच्या देखरेखीखाली. बाळंतिणीला दीड महिना कुणी कामाला जुंपणार नाही, याचा पहारा तीच करायची. आज दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी घरी आलेल्या मुलीला तो पहारा मिळतो का, मला ठाऊक नाही. सुईणआजीजवळ एकच गोष्ट नव्हती, ती म्हणजे उकळतं पाणी हत्यारासाठीही असतं ही माहिती. ती तिला कुणी सांगितलीच नव्हती.

सांगितली 1970 साली, माझ्या जन्माच्या थोडं आधी. आरोग्य केंद्राची एक नर्सबाई चिखल तुडवत वाडीवर आली. नवं ब्लेड आणि दोरा पाण्यात खळखळ उकळून घ्यायचा, नाळेवर काहीही लावायचं नाही, एवढंच तिनं सांगितलं. सुईणआजीनं ऐकलं, हे तिचं मोठेपण. माझी नाळ तशीच कापली गेली.

पुढचा इतिहास सरकारी कागदांत आहे. 1985 साली देशात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. गरोदर बाईला धनुर्वाताची लस दिली की बाळाला आईच्या पोटातच संरक्षण मिळतं. 1988 साली जगभरात सुमारे 7 लाख 87 हजार नवजात बाळं धनुर्वातानं गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. 2015 साली भारतात माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. निर्मूलन म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहूनही कमी रुग्ण. जंतू गेलेले नाहीत, ते आपल्या मातीतच आहेत. महाराष्ट्रात 2005-06 मध्ये सुमारे 65 टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत, 2019-21 च्या पाहणीत हा आकडा 95 टक्क्यांच्या आसपास गेला.

चित्र पाहिल्यानंतर अम्माला ते सांगावं असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. पण धीर होईना. सांगितलं तर तो विळा आमच्याच घरातला, दाबणारा हात सुईणआजीचा.

1999 साली मला मुलगी झाली, पुण्यातल्या एका इस्पितळात. अम्मा गावाहून आली. नातीला मांडीवर घेतलं, आणि तोंडही न पाहता आधी दुपटं बाजूला करून तिची बेंबी पाहिली. मग नर्सला विचारलं, "नाळ कशानं कापली, बाई?"

मी चमकलो. नर्स गेल्यावर म्हणालो, "अम्मा, तुला माहीत होतं?"

"तुझ्या वेळेला त्या नर्सबाईनं सांगितलं होतं की," ती म्हणाली. "तुझी दादी होती तवर कसं बोलायचं? आणि सुईणआजीला तर मी त्या पोराच्या वेळचंही लुगडं दिलं होतं. रडत होती, घेत नव्हती."

मग तिनं बाळाला पुन्हा गुंडाळलं आणि अजान द्यायला मला मशिदीतून कुणाला तरी बोलावून आणायला पाठवलं.