बादलीवाले तीस

आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला मी एकदा दहा मिनिटं उशिरा पोचलो आणि अग्निशमन स्वयंसेवक पथकाचा प्रमुख झालो. गैरहजर माणसाची निवड नेहमी एकमताने होते. पथकाच्या पहिल्या बैठकीला अकरा जण आले, दुसरीला चार, तिसरीला मी आणि वॉचमन. जिन्यातल्या लाल बादल्यांमधली वाळू मांजरांनी केव्हाच आपल्या उपयोगात आणली होती.

माणसं येतात कशी आणि टिकतात कशी, हे शोधायला शेवटी मी इतिहासात शिरलो. तिथे भेटले बेंजामिन फ्रँकलिन. पतंग उडवून वीज पकडणारे, तेच. ७ डिसेंबर १७३६ रोजी त्यांनी फिलाडेल्फियात युनियन फायर कंपनी काढली.

साहेबांनी लोकांना त्यागबिग काही सांगितला नाही. प्रत्येकाने कातडी बादल्या आणि जळत्या घरातलं सामान काढायला पिशव्या-टोपल्या तयार ठेवायच्या, आणि महिन्यातून एका संध्याकाळी एकत्र बसायचं. आगीवर बोलायचं हे खरं, पण बसायचं हे अधिक खरं. न येणाऱ्याला दंड! त्या दंडातून बंब, शिड्या, आकडे घ्यायचे. म्हणजे जो आला त्याने आग विझवली, आणि जो आला नाही त्यानेही विझवली.

नामी युक्ती पुढेच आहे. सभासद झाले सुमारे तीस. आणखी माणसं दारात आली, तेव्हा त्यांना सांगण्यात आलं, तुम्ही तुमची वेगळी कंपनी काढा! मी दारोदार हात जोडत फिरत होतो, आणि हा गृहस्थ दार लावून घेत होता. पंगतीत जागा नाही म्हटलं की भूक वाढते, तसं झालं. एकामागून एक कंपन्या निघाल्या आणि गावातले बहुतेक मालमत्तावाले कुठल्या ना कुठल्या कंपनीत जाऊन बसले.

औषध फार लागू पडलं की त्याचाही त्रास होतो. पुढच्या शतकात मोठ्या शहरांतल्या कंपन्यांना आपापल्या बंबाचा असा अभिमान चढला, की नळावर पहिला हक्क कुणाचा यावरून आगीसमोरच मारामाऱ्या होत. घर तिकडे सावकाश जळत असे. शेवटी १८५३ मध्ये सिनसिनाटीने पगारी माणसं आणि वाफेचा बंब आणला. वाफेच्या बंबाला मानापमान नसतो. १८६५ मध्ये न्यूयॉर्क आणि १८७१ मध्ये फिलाडेल्फियाही पगारी दलावर आलं.

तरी स्वयंसेवक संपले नाहीत. लहान गावांना पगार परवडत नाहीत, म्हणून अमेरिकेतले निम्म्याहून अधिक बंबवाले अजूनही बिनपगारीच आहेत. मात्र १९८४ साली ते सुमारे ९ लाख होते, ते २०२० साली पावणेसात लाखांवर आले. तरुण पोटापाण्यासाठी लांब जातात, प्रशिक्षणाचे तास वाढलेत. मग कुठे करात सवलत, कुठे म्हातारपणी थोडं पेन्शन, अशी आमिषं दाखवावी लागतात.

आणि फ्रँकलिनसाहेब? पन्नास वर्षांनंतर आत्मचरित्रात ते सांगतात की कंपनी चालू आहे. पहिल्या मंडळींपैकी मात्र दोघेच हयात आहेत, ते स्वतः आणि त्यांच्याहून एका वर्षाने मोठा असलेला एक जण. हे वाचून मला माझी चूक कळली. आगीच्या भीतीने माणूस पहिल्या बैठकीला येतो. दुसऱ्या बैठकीला येतो तो शेजारच्या खुर्चीवरच्या माणसासाठी.

चौथ्या बैठकीची नोटीस मी नव्याने लिहिली : 'पथकात फक्त आठ जागा. गैरहजेरीस दंड. नंतर मिसळ.'

नऊ जण आले. नववा अजून माझ्याशी बोलत नाही. तो बी विंगचं वेगळं पथक काढतोय. वाळूही नवी आली आहे. नापसंती आहे ती फक्त मांजरांची.