स्वातच्या डोंगरातील उपेक्षित वारसा : स्तूप, विहार आणि मंदिरांचे अवशेष

२००१ मध्ये बामियानच्या बुद्धमूर्ती सुरुंगाने उडवल्या गेल्या तेव्हा जगभर निषेध झाला. आपल्याकडेही सभा झाल्या, निवेदने दिली गेली. पण बामियानपासून पूर्वेला, पाकिस्तानच्या स्वात खोऱ्यात, बौद्ध संस्कृतीचा त्याहून कितीतरी मोठा ठेवा डोंगरउतारांवर विखुरलेला आहे आणि त्याबद्दल आपल्या तरुणांना फारशी माहिती नाही. तिथले बरेचसे नुकसान बॉम्बने झालेले नाही. ते कुदळीने, नांगराने, घराच्या पायाने आणि मूर्तिचोरांच्या बाजाराने झाले आहे. त्याची बातमी होत नाही, म्हणून निषेधही होत नाही. स्वातमध्ये काय आहे, ते कसे नष्ट होते आणि जे वाचले ते कशामुळे वाचले, हे आपण समजून घेऊ.

स्वात म्हणजे प्राचीन उड्डियान

स्वात खोरे आज खैबर पख्तुनख्वा प्रांतात येते. ऋग्वेदात उल्लेख असलेली सुवास्तू नदी म्हणजेच आजची स्वात नदी. बौद्ध साहित्यात हा प्रदेश उड्डियान किंवा उद्यान या नावाने ओळखला जातो. तिबेटी परंपरा ज्या पद्मसंभवांना गुरू मानते, ते उड्डियानचे होते असे ती सांगते. अनेक अभ्यासकांच्या मते ते उड्डियान म्हणजे हेच खोरे.

पाचव्या शतकाच्या सुरुवातीला फाहियान येथे आला, तेव्हा त्याने ५०० संघारामांची नोंद केली. सातव्या शतकात आलेल्या ह्युएन त्संगने लिहिले आहे की, नदीच्या दोन्ही काठांवर पूर्वी १४०० संघाराम आणि १८,००० भिक्खू होते, पण आता पुष्कळ संघाराम ओस पडले आहेत.

ही शेवटची नोंद महत्त्वाची आहे. ह्युएन त्संग आला तेव्हा या खोऱ्यात इस्लाम पोहोचलेलाही नव्हता. म्हणजे ऱ्हास त्याआधीच सुरू झाला होता. बरीकोट येथील उत्खननात दिसते की, तिथले तटबंदीचे शहर भूकंपाच्या तडाख्यानंतर तिसऱ्या शतकाच्या अखेरीस सोडून दिले गेले. व्यापारी मार्ग बदलले, राजाश्रय आटला, दान कमी झाले. या साऱ्या ऱ्हासाचे खापर एकाच आक्रमणावर फोडणे सोपे आहे, पण पुराव्याला ते धरून नाही.

प्रमुख स्थळे

*बुतकारा* : मिंगोरा शहराच्या वस्तीला लागून असलेले हे स्थळ. मौर्यकाळाच्या सुमारास येथे मूळ स्तूप उभा राहिला आणि पुढच्या काही शतकांत पाच टप्प्यांत वाढत गेला. सांचीप्रमाणेच येथेही जुना स्तूप पोटात घेऊन नवा स्तूप बांधला गेला. मुख्य स्तूपाभोवती लहान स्तूपांची गर्दी आहे. इटालियन पुरातत्त्वज्ञ दोमेनिको फाचेन्ना यांनी १९५६ ते १९६२ या काळात येथे उत्खनन केले.

*शिंगरदार आणि अमलुकदरा* : शिंगरदारचा भव्य स्तूप मुख्य रस्त्यालगत आहे. तथागतांच्या अस्थींचा एक वाटा उड्डियानच्या उत्तरसेन राजाला मिळाला आणि त्याने त्यावर स्तूप बांधला, अशी परंपरा ह्युएन त्संगने नोंदवली आहे. तोच हा स्तूप असावा, असे संशोधक ऑरेल स्टाइन यांचे मत होते. अमलुकदराचा स्तूप इलम पर्वताच्या पायथ्याशी असून खोऱ्यातील सर्वांत चांगल्या स्थितीतील स्तूपांमध्ये त्याची गणना होते.

*बरीकोट* : अलेक्झांडरने इ. स. पू. ३२७ मध्ये वेढा घातलेले बाझिरा हेच असल्याची ओळख स्टाइन यांनी १९२६ मध्ये पटवली. डिसेंबर २०२१ मध्ये येथे एक चैत्यगृह सापडल्याचे जाहीर झाले. त्याचा काळ इ. स. पू. दुसऱ्या शतकाचा उत्तरार्ध मानला जातो. 'मिलिंद प्रश्न'मुळे आपल्याला परिचित असलेल्या राजा मिनँडरचा काळ याच शतकातला. या चैत्यगृहाची मागची बाजू अर्धवर्तुळाकार आहे आणि आत छोटा स्तूप होता. भाजे लेणीचे चैत्यगृह ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा आराखडा लगेच ओळखू येईल. भाजेचा काळही साधारण तोच. सह्याद्रीत कातळ कोरून आणि स्वातमध्ये दगड रचून, एकाच काळात एकाच पद्धतीचे चैत्यगृह उभे राहत होते.

*जहानाबाद* : लालसर खडकावर कोरलेली ध्यानस्थ बुद्धमूर्ती. उंची सुमारे ६ मीटर, काळ सुमारे सातवे शतक. याच परिसरातील खडकांवर संस्कृत लेख कोरलेले आहेत. त्यांपैकी एकात कोणतेही पाप न करणे, कुशल कर्मे करणे आणि चित्त शुद्ध ठेवणे ही बुद्धांची शिकवण सांगणारी गाथा आहे. आपल्या विहारांत आजही पालीतून म्हटली जाणारी ही गाथा कधीकाळी त्या डोंगरातला वाटसरू खडकावर वाचत होता.

बौद्ध की हिंदू?

आपल्याकडे कोणत्याही प्राचीन स्थळाबद्दल पहिला प्रश्न हाच येतो. स्वातमध्ये या प्रश्नाचे उत्तर थरांमध्ये मिळते. ज्या बरीकोटच्या पायथ्याशी चैत्यगृह सापडले, त्याच टेकडीच्या माथ्यावर नंतरच्या शाही राजवटींच्या काळातील मंदिर आहे. ते विष्णुमंदिर असल्याचे नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर करण्यात आले. बरीकोट येथूनच हिंदुशाही राजा जयपालदेव याच्या काळातील शिलालेख मिळाला असून तो लाहोरच्या संग्रहालयात आहे. जवळच्या उडेग्राममध्ये अकराव्या शतकातील गझनवी मशिदीचे अवशेष आहेत.

इलम पर्वताचेही तसेच. बोधिसत्त्वाने अर्ध्या गाथेसाठी प्राण देऊ केले, ती जागा या पर्वतावर असल्याची बौद्ध परंपरा आहे. स्थानिक हिंदू त्याला रामाचे स्थान मानतात.

म्हणून आमची भूमिका स्पष्ट आहे. ज्या थराचा जो पुरावा, त्या थराला तेच नाव. बौद्ध थराला बौद्ध म्हणण्यात कुणाची भीड बाळगू नये आणि हिंदू थर नाकारण्याचीही गरज नाही. सत्य सांगायला पुरावा लागतो, आणि पुरावा टिकला तरच सत्य सांगता येते.

नाश कसा होतो

पहिले कारण चोरीचे उत्खनन. गांधार शैलीच्या मूर्तींना परदेशी बाजारात मोठी किंमत मिळते. चोर स्तूप मधोमध फोडतात, कारण अस्थिकरंडक तिथे असतो. मूर्तीचे डोके कापून नेले की धड तिथेच पडून राहते. मूर्ती कोणत्या थरात, कशाच्या शेजारी होती, ही माहिती कायमची जाते. अशी मूर्ती पुढे एखाद्या संग्रहालयात पोहोचली तरी ती मुकी झालेली असते.

दुसरे कारण वस्ती आणि शेती. खोऱ्यात सपाट जमीन थोडी, लोकसंख्या वाढती. अनेक अवशेष खासगी जमिनीत आहेत. स्तूपाचा घडीव दगड घराच्या भिंतीसाठी तयारच मिळतो.

तिसरे कारण धर्मांधता. सप्टेंबर २००७ मध्ये तालिबानने जहानाबादची मूर्ती उडवण्याचा दोनदा प्रयत्न केला. दुसऱ्या वेळी खडकात भोके पाडून स्फोटके भरली. सर्व स्फोटके उडाली नाहीत, पण मूर्तीचा चेहरा उद्ध्वस्त झाला. जुलै २०२० मध्ये मर्दान जिल्ह्यात घराचा पाया खणताना सापडलेली बुद्धमूर्ती कामगारांनी हातोड्याने फोडली. त्याची चित्रफीत पसरल्यावर चौघांना अटक झाली.

जे वाचले ते कशामुळे?

१९५०च्या दशकात स्वात हे संस्थान होते. तेथील वली जहानजेब यांच्या सहकार्याने इटलीचे जुझेप्पे तुची यांनी १९५५ मध्ये पाहणी केली आणि १९५६ पासून उत्खनन सुरू झाले. सैदू शरीफला संग्रहालय झाले. तेव्हापासून स्थळांच्या नोंदी होत गेल्या. या नोंदी नसत्या तर काय हरवले हेही आज कळले नसते.

जहानाबादच्या मूर्तीची दुरुस्ती लुका मारिया ओलिव्हिएरी यांच्या नेतृत्वाखालील इटालियन पथकाने स्थानिकांच्या सोबतीने २०१२ ते २०१६ या काळात केली. बरीकोटला प्रांतिक सरकारने जमीन ताब्यात घेतल्यामुळे चैत्यगृहाचे उत्खनन शक्य झाले. २०१६ मध्ये प्रांताने स्वतंत्र पुरावस्तू कायदाही केला. या कामात खोदणारे, राखण करणारे, नोंदी ठेवणारे हात बहुतांशी स्थानिक पठाण मुसलमानांचे आहेत. हे आपण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. स्थळाच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला ते आपले वाटले, तरच ते टिकते.

आपण काय करायचे?

स्वातसाठी आपण दूरवरून थोडेच करू शकतो. पण तोच धडा आपल्या दाराशी लागू आहे. सह्याद्रीत शेकडो लेणी आहेत. काहींना केंद्राच्या १९५८च्या कायद्याचे, काहींना राज्याच्या १९६०च्या कायद्याचे संरक्षण आहे, आणि कित्येकांना कशाचेच नाही. कुठे लेण्यात गुरे बांधली जातात, कुठे शिलालेखावर नावे कोरली जातात, कुठे स्तूपाला रंग फासला जातो. हा रंग शेंदरी असो वा निळा, दगडाचे नुकसान सारखेच होते.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना आमचे सांगणे :

- आपल्या तालुक्यातील प्रत्येक लेण्याची यादी करा. छायाचित्र, ठिकाण, तारीख आणि सध्याची स्थिती लिहून ठेवा. दरवर्षी तीच छायाचित्रे पुन्हा घ्या.
- शिलालेखावर खडू, पाणी, तेल काहीही लावू नका. तिरप्या उजेडात फोटो काढला तर अक्षरे स्पष्ट दिसतात.
- लेणे संरक्षित आहे की नाही, हे माहितीच्या अधिकारात लेखी विचारा. नसेल तर पुरातत्त्व विभागाकडे लेखी मागणी करा आणि पोच जपून ठेवा.
- शेतात किंवा पाया खणताना मूर्ती, नाणी सापडली तर ती न हलवता तहसीलदारांना कळवा.
- गावकऱ्यांशी भांडण करण्याआधी त्यांना लेणे दाखवा, त्यातला लेख वाचून दाखवा.

नाशिकच्या पांडवलेणीतील १७ क्रमांकाचे लेणे उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने दान दिले आहे. हे आपण आज सांगू शकतो, कारण दोन हजार वर्षांनंतरही तो लेख वाचता येतो. तुमच्या गावाजवळच्या लेण्यातला लेख पुढच्या पिढीला वाचता येईल का, हे या पावसाळ्याआधी जाऊन पाहा.