चावरे पिल्लू आणि माणसाचा हात : साप ‘माणसाळवण्या’चा इतिहास

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात लूशियन नावाच्या लेखकाने एका भोंदू बुवाची कुंडली मांडणारा ग्रंथ ग्रीक भाषेत लिहिला. काळ्या समुद्राकाठच्या अबोनोटिकस गावचा हा बुवा, नाव अलेक्झांडर. त्याने मॅसिडोनियातल्या पेला शहरात काही नाण्यांना एक मोठा साप विकत घेतला, त्याला कापडाचे माणसासारखे तोंड लावले आणि ‘ग्लायकॉन’ नावाचा देव म्हणून लोकांपुढे बसवला. त्या देवाची नाणीसुद्धा पडली. बुवाची लबाडी हा लूशियनचा विषय होता. पण जाता जाता तो पेलातील सापांविषयी जे सांगतो, ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. तिथले साप इतके गरीब, की बायका ते घरात पाळत. मुलांशेजारी ते झोपत, पाय पडला तरी चिडत नसत, दाबले तरी चावत नसत. आणि हो, ते दूध पीत असत, असेही तो लिहितो. सापाला दूध पाजण्याची समजूत एकट्या आपल्याच पदरी नाही, एवढे यावरून कळते.

साप आणि माणूस यांच्या जुन्या नोंदी गोळा करण्याचा नाद मला बरीच वर्षे आहे. सर्पदंश, सर्पपूजा, गारुड या विषयांची कात्रणे माझ्याकडे भरपूर साठली. अलीकडे मात्र शहरातील तरुण मुले मला एक वेगळाच प्रश्न विचारू लागली आहेत : “काका, परदेशी जातीचं पिल्लू आणलंय. हात घातला की चावतं. शांत कसं करू?” प्रश्न नव्या काळाचा वाटतो. पण ‘शांत साप’ म्हणजे नेमके काय, याचे उत्तर माणसाने निरनिराळ्या काळात निरनिराळे दिले आहे. त्या उत्तरांचा माग काढण्याचा हा प्रयत्न.

रोमन लोकांत साप पाळणे नवलाचे नव्हते. आरोग्यदेव एस्क्युलेपियसचा साप रोममध्ये आणला गेला आणि पुढे तो लोकांच्या घरांतूनही पाळला जाऊ लागला, असे थोरला प्लिनी लिहितो. भोजनाच्या वेळी पेल्यांमधून सरपटणाऱ्या सापांचा उल्लेख सेनेकाने केला आहे. मार्शलच्या कवितेत थंडगार साप गळ्यात घालणारी स्त्री आहे. टायबेरियस बादशहा आपल्या सापाला स्वतःच्या हाताने भरवत असे. तो साप मुंग्यांनी खाल्लेला आढळला आणि बादशहाने त्यातून जमावापासून सावध राहण्याचा इशारा घेतला, अशी कथा स्युटोनियस सांगतो. या साऱ्या नोंदींत एक गोष्ट समान आहे. साप आधीच निवळलेला असतो. तो निवळला कसा, पहिल्या दिवशी कोणाला चावला, हे कोणी लिहीत नाही. पिल्लाचा तर उल्लेखच नाही. जे लोक रोज टोपलीत हात घालत असतील, ते लिहिणारे नव्हते; आणि लिहिणारे टोपलीत हात घालणारे नव्हते.

आपल्याकडे हे ज्ञान गारुड्याकडे होते. त्याचा नाग ‘शांत’ होता, पण ती शांतता बहुधा दात पाडून आलेली. विषदंत मोडले तरी मागे राखीव दात असतात. ते पुढे सरकतात, म्हणून पुन्हा मोडावे लागतात. जखमा चिघळतात, साप खाणे सोडतो आणि मरतो. मग दुसरा पकडायचा. पुंगीवर नाग डोलतो ही दुसरी समजूत. नागाला बाह्य कान नाहीत; तो पुंगीच्या आणि गारुड्याच्या गुडघ्याच्या हालचालीकडे लक्ष ठेवून असतो. याचा अर्थ गारुडी निव्वळ फसवणूक करत होता, असा मात्र नाही. फणा काढलेल्या नागाची झेप कुठवर पोहोचते, हात किती सावकाश न्यावा, हे त्याला पक्के ठाऊक होते. ही विद्या लिहिली गेली नाही. लोकांनी ती मंत्र समजली, आणि गारुड्यानेही ती तशीच समजू दिली.

म्हणजे एकोणिसाव्या शतकापर्यंत सापाच्या शांततेची दोनच स्पष्टीकरणे प्रचलित होती : एक तर त्याचे हत्यार काढून घेतले आहे, नाहीतर त्याला भुरळ पडली आहे. तिसरे स्पष्टीकरण सापडायला साप रोज डोळ्यांसमोर असावे लागले. ती सोय लंडनमध्ये झाली.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1849 साली सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी स्वतंत्र इमारत उघडली. या प्रकारची ती जगातली पहिली. तीनच वर्षांनी, ऑक्टोबर 1852 मध्ये, तिथल्या एका रखवालदाराने दारूच्या नशेत नाग हाताळला. नाग त्याच्या नाकावर चावला आणि तो मेला. याच संग्रहालयात चार्ल्स डार्विनने स्वतःवर एक प्रयोग केला. तो त्याच्या 1872 च्या, भावनांच्या आविष्कारावरील ग्रंथात आहे. पफ ॲडर या आफ्रिकी विषारी सापाच्या जाड काचेला तोंड लावून तो उभा राहिला. सापाने झडप घातली तरी मागे हटायचे नाही, असा निश्चय केला. झडप आली आणि डार्विन क्षणात गजभर मागे उडाला. मध्ये काच आहे हे बुद्धीला ठाऊक होते, शरीराला नव्हते.

हा प्रयोग माणसाच्या भीतीविषयी आहे. पण साप हाताळण्याच्या इतिहासात मी त्याला मोठे स्थान देतो. चावऱ्या पिल्लाच्या समोर जो हात असतो, तो डार्विनचाच असतो. पिल्लू झेप घेते, हात झटकन मागे जातो, माणूस झाकण लावून निघून जातो. पिल्लाच्या बाजूने पाहिले तर काय झाले? एक अजस्र प्राणी अंगावर आला, आपण चावलो, तो पळाला. उपाय लागू पडला! पुढच्या वेळी ते अधिक तत्परतेने चावते.

सापाची भीती कमी करता येते, हे पद्धतशीरपणे करून दाखवणाऱ्यांत अमेरिकेच्या ग्रेस ऑलिव्ह वायली या बाईंचे नाव घ्यावे लागते. मूळच्या त्या कीटकांच्या अभ्यासक. 1923 पासून मिनिॲपोलिसच्या सार्वजनिक ग्रंथालयातील संग्रहालय त्या सांभाळत. तिथे त्यांनी रॅटलस्नेकची बंदिवासात वीण करून दाखवली. नव्या सापाला त्या आधी हात लावत नसत. काठीच्या टोकाला मऊ कापड गुंडाळून तिने त्याला हळूहळू कुरवाळत. साप काठीवर झेप घेई. काठी मागे जात नसे आणि त्याला इजाही करत नसे. काही काळाने झेपा थांबत, मग काठीची जागा उघडा तळवा घेई. मंत्र नाही, दात पाडणे नाही. फक्त धोका नाही असा अनुभव पुन्हा पुन्हा देणे.

पण वायलीबाईंची गोष्ट इथे संपत नाही. शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयात त्यांच्या विभागातून साप निसटले आणि 1935 मध्ये त्यांना नोकरी गमवावी लागली. पुढे कॅलिफोर्नियात त्या घरीच साप ठेवू लागल्या. 20 जुलै 1948 रोजी छायाचित्रासाठी त्यांनी एक भारतीय नाग बाहेर काढला. तो नव्याने आलेला होता. तो त्यांच्या बोटाला चावला आणि काही तासांतच त्यांचा मृत्यू झाला. त्यांची पद्धत खोटी नव्हती. ती नागावर वापरण्याची किंमत मात्र पहिल्याच चुकीला प्राणांनी मोजावी लागते. बिनविषारी पिल्लू शंभरदा चावले तरी शिकवणी चालू राहते. नागाच्या बाबतीत एकदाच.

त्यानंतर काही दशकांनी शास्त्रज्ञांनी हाच प्रश्न प्रयोगशाळेत नेला. 1980 च्या दशकात गॉर्डन बर्गहार्ट आणि हॅरोल्ड हर्झोग यांनी अमेरिकेतील गार्टर सापांच्या नवजात पिल्लांवर प्रयोग केले. समोर स्थिर बोट धरले तर पिल्ले कमी झेपा घेत, हलते बोट आले की जास्त. एका जातीची पिल्ले चटकन चावत, दुसरीची क्वचित. एकाच आईच्या पोटची भावंडेही सारखी नव्हती. तोच इशारा निरुपद्रवीपणे वारंवार दिला की झेपा कमी होत. शास्त्राच्या भाषेत हे ‘सरावणे’. यात प्रेम नाही, ओळखदेख असलीच तर फार थोडी. साप मालकावर जीव लावत नाही. तो मालकाला भिणे सोडतो.

आता त्या तरुणांच्या प्रश्नाकडे वळू. घरात पाळण्यासाठी जगभर ज्या जाती प्रसिद्ध आहेत, त्यांत पश्चिम आफ्रिकेचा बॉल पायथन हा छोटा अजगर आणि अमेरिकेचा कॉर्न स्नेक प्रमुख आहेत. दोन्ही बिनविषारी. अंड्यातून निघाल्यावर कॉर्न स्नेकचे पिल्लू वीतभराहून थोडे मोठे आणि पेन्सिलीहून बारीक असते. पक्षी, उंदीर-घुशी, मोठे साप, सगळे त्याला खातात, आणि त्यातले बरेच वरून येतात. आई राखण करत नाही. अशा जिवाने चावू नये तर काय करावे?

अनुभवी पाळणारे जे सांगतात, त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट वरच्या इतिहासात बसते. नवे पिल्लू आणले की आठवडाभर हातच लावायचा नाही. दोन-तीनदा नीट खाल्ल्यावर हाताळणी सुरू करायची. पेटीत अंग पूर्ण दडेल अशा दोन जागा हव्यात, एक उबदार बाजूला आणि एक थंड बाजूला. ज्याला लपता येते त्याला चावण्याची गरज कमी पडते. हात वरून नाही, बाजूने आणि सावकाश न्यायचा. डोके धरायचे नाही, अंगाखाली आधार द्यायचा. सुरुवातीला पाच मिनिटे पुरे. खाल्ल्यानंतर दोन दिवस आणि कात टाकण्याआधी डोळे धुरकट झाले असताना त्याला एकटे सोडायचे. हाताला उंदराचा वास असेल तर तो आधी धुवायचा, कारण भुकेचा चावा वेगळा असतो. भीतीने चावलेला साप लगेच सोडतो. भुकेने चावलेला धरून वेटोळे घालतो. पहिल्याला धीर द्यायचा, दुसऱ्यासाठी आधी काठीने अंगाला हलकेच स्पर्श करून ‘हे जेवण नव्हे’ असे कळवायचे. आणि चावला तरी हात झटकायचा नाही. झटकल्याने सापाचे नाजूक दात तुटतात आणि चावरेपणाही पक्का होतो. क्षणभर थांबायचे, तो शांत झाल्यावरच परत ठेवायचा. पिल्लाचा चावा म्हणजे चार टाचण्या टोचल्यासारखा. साबणाने धुतला की बहुधा काम भागते. एवढे करूनही एखादे पिल्लू भित्रेच राहते. त्याला पाहण्यातच समाधान मानावे.

हे सारे परदेशी, बिनविषारी आणि कायदेशीर मार्गाने आलेल्या सापांविषयी. आपल्या रानातला साप घरात ठेवणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, मग तो तस्कर असो वा धामण. बत्तीस शिराळ्यातील जिवंत नागांची मिरवणूकही न्यायालयाच्या आदेशाने थांबली, ती याच कायद्यापायी. बॉल पायथन सायटिस कराराच्या परिशिष्टात आहे, आणि 2024 च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची नोंदणी करणे मालकावर बंधनकारक आहे.

कायद्याहून मोठे एक कारण आहे, आणि ते प्रत्येक घरात सांगितले पाहिजे. सापाच्या स्वभावावरून त्याचे विष ओळखता येत नाही. विहिरीकाठचा दिवड पकडला तर चवताळून चावतो, तो बिनविषारी. कवड्याही चावरा, तोही बिनविषारी. आणि कवड्यासारखीच दिसणारी मण्यार दिवसा हातात घेतली तरी कित्येकदा वेटोळ्यात डोके खुपसून पडून राहते, जणू युगायुगांची माणसाळलेली. रात्री हीच मण्यार अंथरुणात झोपलेल्या माणसाला चावते आणि दंशाची खूणही धड दिसत नाही. ‘गरीब आहे हो, काही करत नाही’ म्हणत तिला उचलणाऱ्याने पेलातील बायकांचा कित्ता गिरवलेला असतो, फक्त साप वेगळा असतो.

दोन हजार वर्षांच्या नोंदी चाळल्यावर मला वाटते ते असे. साप माणसाळवण्याच्या इतिहासात साप फारसा बदललेला नाही. ग्लायकॉनच्या वेळी तो जसा भीत होता आणि निवळत होता, तसाच आजही. बदलला तो माणसाचा हात. आधी त्याने दात मोडले, मग मंत्राचा आव आणला, आणि फार उशिरा तो न झटकता स्थिर धरायला शिकला. कोणत्या सापापुढे तो मुळातच पुढे करू नये, एवढे शिकणे मात्र अजून बाकी आहे.