पाण्याच्या पुढे धावणारी वार्ता



आषाढ लागला की आमच्या काकतीत दोन आकड्यांची चौकशी घरोघर सुरू होते. पहिला आकडा राकसकोप जलाशयाचा. २४७५ फूट ही त्याची पूर्ण पातळी. ती गाठली की जादा पाणी मार्कंडेय नदीत सोडतात आणि ते कंग्राळी, अलतगे या बाजूने आमच्या भातशिवारात उतरते. दुसरा आकडा कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावरचा. पंचगंगा ३९ फुटांवर आली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका. पंचगंगेचे पाणी काही काकतीला येत नाही. परंतु आमच्या लेकी निपाणी, चिकोडी, शिरोळकडे दिलेल्या आहेत, आणि पोटचे मूल नांदते त्या गावच्या नदीची पातळी कोणास परकी वाटत नाही.

हे आकडे आपल्या घरात आले कसे, आणि येऊनही ते कित्येकदा निरुपयोगी का ठरतात, याचा थोडासा इतिहास आज सांगावयाचा आहे.

तारायंत्र येण्यापूर्वी पुराची वार्ता माणसाच्या किंवा घोड्याच्या पायांनी जाई. वरच्या गावात दवंडी पिटली, देवळाची वा चर्चची घंटा वाजली, तरी तिचा आवाज पोहोचे तो कोसभर. त्यापुढे पाणी हीच पाण्याची पहिली वार्ता! तारेने हा क्रम प्रथमच उलटविला. त्याचे आपल्या देशातील सर्वांत ठळक उदाहरण येथून फार दूरचे, हिमालयातील गढवालचे आहे. पण ते सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

१८९३ च्या सप्टेंबरात गोहना या गावाजवळ डोंगराचा कडा कोसळून बिरही गंगेत पडला. नदी अडली व दरीत प्रचंड सरोवर भरू लागले. हा नैसर्गिक बांध एक दिवस फुटणार, हे उघड होते. तो फोडून टाकावा की लोकांना हलवावे, असा प्रश्न होता. अधीक्षक अभियंता पुलफर्ड यांनी हिशेब करून सांगितले की, पाणी पुढील वर्षी ऑगस्टच्या मध्याच्या सुमारास माथ्यावरून वाहू लागेल. तोवर पाण्यावर पहारा ठेवावा आणि वार्तेची सोय करावी. त्याप्रमाणे गोहन्यापासून हरिद्वारपर्यंत सुमारे दीडशे मैलांची तार ओढण्यात आली. क्रुकशँक नावाचा लेफ्टनंट सरोवराकाठी बसून पाण्याची चढण मोजू लागला. वाटेवरचे झुलते पूल आधीच काढून ठेवले.

परंतु मला या हकिकतीत सर्वांत मोलाचे वाटते ते निराळेच काम. दरीच्या दोन्ही अंगांस, डोंगरउतारावर ठरावीक अंतराने दगडी खांब उभारले होते. त्यांचा अर्थ एवढाच की, तारेतून खबर आली की प्रत्येकाने आपल्या गावच्या खांबाच्या वर चढावे. शिकलेल्या तारमास्तराची भाषा आणि अक्षरशत्रू शेतकऱ्याची भाषा यांची गाठ त्या खांबापाशी पडत होती. १८९४ च्या २५ ऑगस्टच्या रात्री बांध फुटला. गढवालमधील श्रीनगर शहर जवळजवळ धुऊन गेले. पण माणसे गेली ती केवळ पाच : एक फकीर व त्याचे कुटुंब. त्यांना आधी हलविलेही होते. ती परत येऊन राहिली.

आता आपल्याकडे वळू. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे अपुरे मातीचे धरण सकाळी फुटले आणि दुपारी खडकवासल्याचेही फुटले. या वेळी तार होती, टेलिफोन होता आणि १९५३ पासून पुण्यात नभोवाणी केंद्रही होते. आदल्या दिवसापासून अभियंते आणि जवान तो बांध वाचविण्यासाठी झुंजत होते. म्हणजे संकटाची माहिती होतीच. पण नदीकाठच्या पेठांतील बहुसंख्य लोकांना तिची खरी जाणीव पाणी दारात आल्यावर झाली. गढवालच्या रानात जे साधले, ते विद्येच्या माहेरघरी साधले नाही. साधने वाढली म्हणजे वार्ता पोहोचतेच, हा भ्रम तेव्हाच संपावयास हवा होता.

केंद्रीय जल आयोगाने पुराचे पूर्वानुमान देण्याचा आरंभ १९५८ मध्ये दिल्लीत यमुनेवर केला होता. ती पद्धत हळूहळू देशभर पसरली. आमच्या लहानपणी सांगली आकाशवाणीवर बातम्या लागल्या की घरातील मोठी माणसे हात वर करून सर्वांना गप्प बसवीत. राधानगरीचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले, हे एका वाक्यात कळे. ‘चार उघडले’ म्हटले की पुढचे सांगावे लागत नसे. ते पाणी भोगावतीतून पंचगंगेत आणि नृसिंहवाडीला कृष्णेत जाणार, शिरोळ तालुक्यातील राजापूर बंधारा ओलांडून कर्नाटकात शिरणार, हा भूगोल आम्हांला शाळेने नव्हे, रेडिओने शिकविला.

चिकोडीकडे तर रोज बेरीज मांडावी लागते. राजापूर बंधाऱ्यावरून येणारे कृष्णेचे पाणी अधिक दूधगंगेचे पाणी म्हणजे कल्लोळपाशी किती, ते क्युसेकमध्ये वृत्तपत्रात येते. नदीला सीमा नाही. वार्तेला मात्र आहे. पाणी एका राज्याचे खाते मोजते आणि बुडणारे कल्लोळ-यडूर किंवा जत्राट-भिवशीचे बंधारे दुसऱ्या राज्यात असतात. अलमट्टीच्या पाण्यावरून दोन राज्यांत मोठा वाद आहे. तो आज माझा विषय नव्हे. मला एवढेच विचारावयाचे आहे की, दीड लाख क्युसेक म्हणजे यडूरच्या एखाद्या आजीच्या गोठ्यात पाणी येणार की नाही?

ऑगस्ट २०१९ मध्ये या प्रश्नाचे उत्तर अनेकांनी चुकविले. प्रत्येकाच्या मनात २००५ च्या पुराची खूण होती; त्यापुढे पाणी येणार नाही, या विश्वासावर माणसे घरातच राहिली. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी ५७ फुटांवर गेले. आकडे तासातासाला मोबाइलवर येत होते. मग वीज गेली आणि मोबाइलही मुके झाले. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळजवळ लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली. इकडे निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगा महामार्गावर आली. पुढे जुलै २०२१ मध्ये ती पुन्हा आली.

त्यानंतर मी एकदा वर्गात विचारले, “राकसकोप भरले, असे वाचलेत. मग तुमच्या शेतात पाणी कुठवर येणार?” आकडा सर्वांना पाठ होता, उत्तर कोणालाच येईना. शेवटी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. “सर, आमचा आज्जा सांगतोय, विहिरीच्या तिसऱ्या पायरीला पाणी लागलं की म्हसरं सोडायची. आकडा बघत बसायचं नाही.” वर्ग हसला. मी हसू शकलो नाही. त्या आज्जांनी तिसऱ्या पायरीची जी खूण धरली होती, तोच गोहन्याचा खांब होता. उणीव एकच होती : नदी वर किती चढली म्हणजे ही पायरी किती वेळात बुडेल, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते, आणि ज्यांना ते सांगता आले असते, त्यांना ती पायरी ठाऊक नव्हती.

आज ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापके आहेत, पाण्याची पातळी आपोआप कळविणारी यंत्रे आहेत. भ्रमणध्वनीवर एकाच वेळी इशारा वाजविण्याच्या चाचण्या २०२३ मध्ये झाल्या. त्या दिवशी आमच्या शिक्षकदालनातील फोन एकदम कर्कश वाजले आणि सगळे दचकले. उत्तम सोय आहे. फक्त त्या इशाऱ्यात गावच्या देवळाची पायरी, शाळेचा ओटा, तिकटीवरचा पार यांची नावे यावयास हवीत, आणि ती घरात बोलतात त्या भाषेत यावयास हवीत. ती नावे पुण्याच्या किंवा बेंगळुरूच्या यंत्राला कोण सांगणार? आमच्या वर्गाने गेल्या पावसाळ्यानंतर हे काम हाती घेतले आहे. कोणत्या साली पाणी कुठवर आले, ते वृद्धांना विचारून मुले भिंतींवर रंगाने रेघा ओढीत आहेत. २०१९ ची रेघ बहुतेकांना आठवते. त्याच्या मागच्या पुरांविषयी मात्र दोन आज्ज्यांचे अजून जमलेले नाही. एक म्हणते उंबऱ्याला, दुसरी म्हणते चुलीला.